घरी बनवलेल्या डिस्टॉर्शन पेडलला ॲक्टिव्ह बेस-ट्रेबल जोडल्यावर होणारे बिघाड: काय आधी तपासायचं, काय नंतर

पेडल आधी नीट वाजत होतं आणि टोनचं सर्किट जोडल्यावर बिघडलं, हे गृहीत धरून लिहितोय. पहिल्या दिवसापासून मुकं असलेलं पेडल हा वेगळा विषय आहे. टोन म्हणजे इथे बेस-ट्रेबलचं नेहमीचं बॅक्सँडॉल सर्किट: एक ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी आयसी), १०० के म्हणजे १०० किलोओहमचे दोन पॉट (नॉबखालचे फिरते रेझिस्टर), मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर. पीटर बॅक्सँडॉल या ब्रिटिश इंजिनियरने १९५२ साली 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात ते छापलं तेव्हा ते व्हॉल्व्हचं होतं आणि घरच्या हाय-फायसाठी होतं. आपण ते ९ व्होल्टच्या बॅटरीवर, आधीच क्लिप झालेल्या, म्हणजे वरखालचे शेंडे छाटले गेलेल्या, गिटारच्या सिग्नलमागे बसवतो. सर्किट सहसा बरोबरच असतं. जुनं आणि नवं जिथे जोडलं तो सांधा चुकतो, आणि दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक पेडलांत मी सोल्डर गन आधी तिथेच नेतो.

लक्षणं

आपलं पेडल यातलं नेमकं काय करतंय ते आधी ठरवा. पुढचा अर्धा वेळ वाचतो.

- आवाज नाही, किंवा बारीक आणि फाटका येतो. पण बेसचा नॉब पूर्ण कमी केला की अचानक आवाज येतो.
- बेस वाढवला की खालच्या दोन तारा 'फर्र' करतात, नोट ऐकूच येत नाही.
- गेन आणि ट्रेबल दोन्ही वर नेले की शिट्टी. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर असला तरी शिट्टी चालूच.
- जुन्या मोटारबोटीसारखी 'फट-फट-फट' लय, विशेषतः बॅटरी उतरत आली की.
- नॉब फिरवताना खरखर, किंवा पायाने स्विच दाबला की मोठा 'ठप्'.
- व्हॉल्यूम फिरवला की टोनही बदलतो. किंवा नॉबचा सगळा फरक शेवटच्या टोकाला एकदम होतो.
- अडॅप्टरवर घरघर, बॅटरीवर शांत.

ट्रेबल वाढवल्यावर 'सूंऽ' असा फुसकारा वाढतो, तो मी यात धरलेला नाही. डिस्टॉर्शनचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो तो आकडा, शेकड्यांत असतो, त्यातून निघालेली हिस ट्रेबलने आणखी चौपट केली तर ती ऐकू येणारच. तो बिघाड नाही, त्याच्या मागे लागू नका.

फुकटातल्या तपासण्या

नवी बॅटरी लावा आणि पेडल चालू असताना व्होल्टेज मोजा. नुसती बॅटरी हातात धरून मोजलेली ९.३ काही सांगत नाही. स्वस्तातली झिंक-कार्बन बॅटरी लोडवर आठाच्या खाली घसरते आणि मग ऑप-अँपला मोकळं हलायला जागाच उरत नाही. बॅटरीवर सगळं ठीक आणि अडॅप्टरवर घरघर, असं असेल तर सर्किट उघडूच नका, अडॅप्टर बदला. घरात पडलेले राउटरचे किंवा सेट-टॉप बॉक्सचे अडॅप्टर अनेकदा १२ व्होल्टचे असतात आणि त्यांची मधली पिन पॉझिटिव्ह असते. गिटार पेडलांच्या जगात मधली पिन निगेटिव्ह धरतात. संरक्षक डायोड नसेल तर उलट्या पोलॅरिटीने ऑप-अँप क्षणात जातो, आणि मग पुढच्या सगळ्या तपासण्या मेलेल्या आयसीवर होतात.

त्यानंतर दुसरी केबल लावून बघा आणि बायपासमध्ये, म्हणजे पेडल बंद ठेवून सिग्नल सरळ पुढे जात असताना, गिटारचा आवाज स्वच्छ येतो का ते बघा. बायपासमध्येही येत नसेल तर दोष जॅक किंवा फूटस्विचमध्ये आहे. टोनसाठी चार वायरी ओढताना फूटस्विचच्या पायांना जास्त वेळ गन लागली की आतलं प्लास्टिक वितळतं आणि संपर्क अर्धवट राहतो. त्याला इलाज नाही, स्विच बदलायचा.

आता झाकण उघडून, भिंग असेल तर भिंगाने, नुसतं बघा. आयसीवरचा ठिपका किंवा खाच बरोबर बाजूला आहे का? नव्या पॉटचे पाय डब्याच्या झाकणाला टेकतायत का? टेकत असतील तर पेडल उघडं असताना वाजतं आणि स्क्रू आवळले की गप्प बसतं. पॉटच्या पाठीला चिकटपट्टी लावली की हा प्रश्न मिटला. व्हेरोबोर्ड (तांब्याच्या समांतर पट्ट्यांचा बोर्ड) वापरला असेल तर दोन पट्ट्यांमध्ये ब्लेड फिरवून घ्या, केसाएवढा सोल्डरचा तंतू तिथे हमखास सापडतो.

डबीतली फ्लक्स पेस्ट वापरली असेल तर आणखी एक. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, बोर्डावर राहिलेला तो तपकिरी चिकट थर ओल धरतो. आयसी काढून दोन शेजारच्या पायांमध्ये रेझिस्टन्स मोजलात, तर जिथे काहीच दाखवायला नको तिथे काही शे किलोओहम दिसतात आणि मीटरचा आकडा हळूहळू सरकत राहतो. डिस्टॉर्शनच्या इनपुटला मेगाओहममधले रेझिस्टर असतात, त्यांचं गणित यामुळे पार बिघडतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन बोर्ड घासा, पंख्याखाली वाळवा, मग परत लावा.

पॉटवरची अक्षरं

पॉटवर बी १०० के लिहिलंय की ए १०० के? बॅक्सँडॉलला बी, म्हणजे लिनियर लागतो. दुकानदाराने व्हॉल्यूमचा ए दिला असेल तर फ्लॅट (ना वाढ, ना घट) जागा मध्यावर येत नाही आणि एका बाजूचा सगळा फरक टोकाला गोळा होतो. अक्षरावर विश्वास नसेल तर पॉट सर्किटमधून सोडवून नॉब बरोबर मध्यावर ठेवा आणि मधल्या पायापासून दोन्ही टोकांना मोजा. लिनियर असेल तर दोन्हीकडे साधारण पन्नास-पन्नास के येतात. नॉब उलटा चालत असेल, उजवीकडे फिरवल्यावर बेस कमी होत असेल, तर टोकाच्या दोन वायरींची अदलाबदल करा. या सर्किटमध्ये मधला पाय इनपुटच्या बाजूला सरकला की वाढ, आउटपुटच्या बाजूला सरकला की घट.

आता मीटर हातात घ्या

ही तपासणी सर्वांत महत्त्वाची. लोक नेमकी हीच टाळतात आणि सरळ आयसी बदलायला घेतात.

मीटरची काळी प्रोब ग्राउंडला. टीएल ०७२ किंवा ४५५८ चा ८ नंबरचा पाय: बॅटरीएवढं व्होल्टेज. ४ नंबर: शून्य. आउटपुटचे पाय १ आणि ७: बॅटरीच्या निम्मं, म्हणजे साडेचारच्या आसपास. थोडं मागेपुढे चालतं. पण १ किंवा ७ वर साडेसात-आठ दिसत असेल, किंवा एकदीड व्होल्ट, तर तो ऑप-अँप एका टोकाला जाऊन अडकलाय.

इनपुटचे पाय मोजताना एक फसगत होते. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त पिवळ्या मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स डीसी व्होल्टला १ मेगाओहम असतो. तुमच्या पेडलच्या पहिल्या स्टेजला साडेचार व्होल्ट १ मेगाओहममधूनच जात असतील, तर मीटर लावताक्षणी ते निम्मे होतात आणि सव्वादोन दिसतात. सर्किट बरोबर असतं, मीटर त्याला खाली ओढत असतो. म्हणून निर्णय आउटपुटच्या पायावरून घ्या. चांगल्या, १० मेगाओहमच्या मीटरला ही अडचण फारशी येत नाही.

टोनचा ऑप-अँप अडकलेला सापडला तर कारण बहुतेक वेळा एकच असतं. तुमचं मूळ पेडल डिस्टॉर्शन प्लस किंवा डीओडी २५० या कंपनीच्या पेडलांच्या धर्तीचं असेल, तर शेवटी डायोड आणि व्हॉल्यूम पॉट थेट ग्राउंडला गेलेले असतात. म्हणजे व्हॉल्यूमच्या मधल्या पायावर डीसी शून्य. बॅक्सँडॉलच्या ऑप-अँपचा प्लस पाय मात्र साडेचारवर बसवलेला. मध्ये कपॅसिटर न घालता वायर सरळ जोडली की ऑप-अँपला त्या साडेचारचा फरक दिसतो आणि तो स्वतःच्या गेनने गुणून आउटपुटला काढतो. बेस मध्यावर असताना गेन एक, म्हणजे साडेचार अधिक साडेचार, नऊ. तिथे तो पोचू शकत नाही, वरच चिकटतो. बेस पूर्ण कमी केला की गेन अकराव्या हिश्श्यावर येतो, आउटपुट ४.९ ला उतरतं आणि आवाज परत येतो. यादीतलं पहिलं लक्षण ते हेच. हे लक्षण दिसलं की मी बाकी काही मोजत बसत नाही.

उपाय: व्हॉल्यूम आणि टोनच्या मध्ये १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. इलेक्ट्रोलिटिक असेल तर प्लस बाजू टोनकडे, कारण साडेचार तिकडे आहेत. हाताशी आहे म्हणून १०० नॅनो घालू नका. बॅक्सँडॉलचा इनपुट बेस वाढवल्यावर १० के च्या घरात येतो आणि १० के ला १०० नॅनो म्हणजे १५९ हर्ट्झच्या खालचं सगळं उतरणीला लागतं. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची. तुम्ही बेसचा नॉब बसवणार आणि बेस दारातच अडवणार.

असाच एक कपॅसिटर आउटपुटला हवा, आणि त्याच्या जॅककडच्या बाजूला ग्राउंडला १०० के. तो १०० के नसला की स्विच दाबताना 'ठप्' होतो. नॉबची खरखर असेल तर बेस पॉटचे तिन्ही पाय मोजा. तिन्हीवर सारखंच व्होल्टेज हवं. फरक दिसला तर पॉटमधून डीसी वाहतोय. कपॅसिटर उलटा बसलाय किंवा गळतोय, पॉट निर्दोष आहे. फरक नसेल आणि तरी खरखर असेल तरच पॉटमध्ये क्लीनर मारा.

व्हॉल्यूम फिरवल्यावर टोन बदलणं हीसुद्धा या सांध्याचीच तक्रार. बॅक्सँडॉलला सिग्नल देणारा मजबूत हवा. १०० के च्या व्हॉल्यूमच्या मधल्या पायाला ते जमत नाही. टीएल ०७२ मध्ये दोन ऑप-अँप असतात आणि दुसरा बहुधा रिकामा पडलेला असतो. ६ आणि ७ जोडा, ५ ला सिग्नल द्या, ५ वरून १ मेगाओहमने साडेचारला जोडा, झाला बफर, म्हणजे सिग्नल न वाढवता मजबूत करून पुढे देणारी स्टेज. वापरायचा नसेल तरी तो लोंबकळत ठेवू नका: ६-७ जोडून ५ साडेचारला बांधा. मोकळा सोडलेला ऑप-अँप आपल्या मनाने हलतो आणि शेजाऱ्यालाही त्रास देतो.

'फर्र' करणारा बेस

इथे दोष कुठल्याच पार्टमध्ये नसतो, हिशेब चुकलेला असतो. पॉट १०० के आणि दोन्ही टोकांना १० के, म्हणजे सर्वांत जास्त वाढ ११० भागिले १०, अकरापट, जवळजवळ २१ डेसिबल. डायोडने क्लिप झालेला सिग्नल टोकापासून टोकापर्यंत सव्वा व्होल्टच्या आसपास. अकरापट केला तर तेरा-चौदा व्होल्ट होतात आणि ९ व्होल्टवरचा टीएल ०७२ सहा-साडेसहाच्या पुढे जात नाही. मग तो स्वतःच क्लिप होतो, आणि हे क्लिपिंग डायोडसारखं गोड नसतं. लाल एलईडीने क्लिप करत असाल तर सुरुवातच साडेतीन व्होल्टच्या जवळ, मग दुप्पटही झेपत नाही.

टोकाचे दोन्ही १० के काढून ३३ के घाला. वाढ चौपटीवर, १२ डेसिबलवर येते. गिटारला त्याहून जास्त लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. २१ डेसिबल बेस ऐकायला कुणाचाच स्पीकर बांधलेला नसतो. एलईडी असेल तर टोनच्या आधी सिग्नल कमी करावा लागेल. व्हॉल्यूम पॉट आधी, मग बफर, मग टोन, हा क्रम सोपा पडतो. त्याची किंमत म्हणजे टोन स्टेजची स्वतःची हिस व्हॉल्यूमने कमी होत नाही. मला ती चालते.

काहीजण ९ चे १८ व्होल्ट करणारा चार्ज पंप बसवतात. चालतो, पण आयसीएल ७६६० आणि मॅक्स १०४४ हे साधारण १० किलोहर्ट्झला धडधडतात आणि ती बारीक शिट्टी डिस्टॉर्शनमध्ये ऐकू येते. मॅक्स १०४४ चा १ नंबरचा पाय ८ ला जोडला की ती कानाच्या पलीकडे जाते. साध्या ७६६० ला ही सोय नाही. शिवाय या आयसींची मर्यादा दहा व्होल्टच्या आसपासच आहे, तिथे १२ व्होल्टचा अडॅप्टर लागला की गेलाच. आणि बोर्डावरचे १६ व्होल्टचे इलेक्ट्रोलिटिक आधी बदला.

शिट्टी आणि फट-फट

शिट्टी म्हणजे आउटपुटमधला थोडा आवाज परत इनपुटमध्ये शिरतोय. ट्रेबल वाढवल्यावर येते, कारण वरच्या फ्रीक्वेन्सी हवेतूनही एका वायरीतून दुसरीत सहज उडी मारतात. पेडल चालू ठेवून, शिट्टी वाजत असताना, लाकडी काडीने एकेक वायर हलवा. एखादी हलवली की सूर बदलेल, तीच वायर. टोनच्या पॉटच्या वायरी वीतभर लांब आणि इनपुट जॅकच्या वायरीला चिकटून गेलेल्या असतात, हे दृश्य मी इतक्यांदा बघतो की झाकण उघडायच्या आधीच सांगता येतं. वायरी बोटभर करा, इनपुटची वायर डब्याच्या दुसऱ्या भिंतीने न्या, ती शील्डेड असेल तर शील्ड एकाच टोकाला ग्राउंड करा.

तरी राहिली तर आयसीच्या ८ आणि ४ या पायांना जमेल तितक्या जवळ १०० नॅनोचा सिरॅमिक कपॅसिटर. बोर्डाच्या दुसऱ्या कोपऱ्यात असलेला कामाचा नाही. त्यानंतर टोनच्या ऑप-अँपच्या मायनस पायापासून आउटपुटपर्यंत ४७ पिकोफॅरड.

फट-फट मात्र वायरींमुळे नसते. जुनी गेन स्टेज आणि नवी टोन स्टेज एकाच साडेचारच्या बिंदूवर टांगलेल्या असतात, आणि तो बिंदू म्हणजे दोन १० के आणि एक छोटा कपॅसिटर. टोनने तो बिंदू हलवला की गेन स्टेज ते हलणं शेकडोपट करून पुढे पाठवते, आणि चक्र सुरू. तिथला कपॅसिटर १०० मायक्रोचा करा. मिटलं नाही तर टोनसाठी वेगळे दोन १० के आणि वेगळा कपॅसिटर घाला. मी आता हे सुरुवातीलाच सुचवतो, दहा-वीस रुपयांचा मामला असतो. बॅटरीच्या सप्लायलाही १०० मायक्रो हवाच.

आयसी बदलणं

एवढं झाल्यावर आयसी. सॉकेट असेल तर मिनिटभराचं काम, नसेल तर आयसी काढताना सॉकेटच बसवा. टीएल ०७२, ४५५८, एनई ५५३२ यांचे पाय सारखेच, त्यामुळे पडताळायला कुठलाही चालेल. एनई ५५३२ बॅटरी लवकर संपवतो एवढं लक्षात ठेवा. एलएम ३५८ चेही पाय तेच, पण तो बारीक आवाजात स्वतःची खरखर मिसळतो, ऑडिओत नको. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ आयसी घेताना दोन वेगळ्या दुकानांतून एकेक घ्या. वरचं नाव घासून दुसरं छापलेला माल मिळतो, आणि एकाच पाकिटातले पाचही तसेच असू शकतात.

आवाज नेमका कुठे मरतो ते शोधायचं असेल तर मोबाइलवरून गाणं इनपुटला द्या. एका जुन्या केबलच्या टोकाला १०० नॅनोचा कपॅसिटर लावा, केबलचं ग्राउंड पेडलच्या ग्राउंडला जोडा, दुसरं टोक छोट्या ट्रान्झिस्टर अँपला. अँपचा व्हॉल्यूम कमी ठेवून इनपुटपासून एकेका बिंदूला कपॅसिटर टेकवत या. जिथवर गाणं येतं तिथवर सर्किट बरोबर.

कुठे थांबायचं

९ व्होल्टचं पेडल तुम्हाला इजा करत नाही, त्यामुळे वरचं सगळं घरी करायला हरकत नाही. पण बोर्डावरचे तांब्याचे ठिपके उचलले जायला लागले की गन खाली ठेवा. त्याच जागी परत गरम कराल तर शेजारचेही जातील. सगळी व्होल्टेजं बरोबर आहेत, शिट्टी ऐकू येत नाही, तरी आवाज मलूल आणि आयसी हाताला गरम लागतोय, असं असेल तर सर्किट कानाच्या पलीकडच्या फ्रीक्वेन्सीला हलत असण्याची शक्यता मोठी. दोन टीएल ०७२ आणि एक एलईडी असलेलं पेडल साधारण दहा मिलिअँपच्या आसपास खातं. मीटर बॅटरीच्या वायरीत घालून बघा, तिप्पट दिसले तर हाच संशय. ते ऑसिलोस्कोपशिवाय दिसत नाही. स्कोप असलेल्या टेक्निशियनकडे न्या.

गिटारच्या तारांना किंवा पेडलच्या डब्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर वाजवणं तिथेच थांबवा आणि प्लग काढा. हा पेडलचा प्रश्न नाही, अडॅप्टर, अँप किंवा घराच्या अर्थिंगचा आहे. वायरमनला बोलवा. हम जावी म्हणून अँपच्या प्लगची तिसरी, अर्थची पिन कुणी काढायला सांगितली तर ऐकू नका. अडॅप्टर उघडू नका. व्हॉल्व्ह अँपच्या आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही काहीशे व्होल्ट धरून ठेवतात, तिथे आपलं काम नाही.

टेक्निशियनकडे जाताना सर्किटचा कागद न्या आणि त्यावर आयसीच्या आठही पायांची तुम्ही मोजलेली व्होल्टेजं लिहून न्या, मीटर कुठला होता तेही.